खरे घड्याळ कोणते?



आजच्या व्याख्यानाची वेळ पत्रकात सायंकाळी सहाची छापलेली होती. ह्या सभागृहातील सर्वांनी आता आपापली घड्याळे पाहिली तर काय दिसेल? भिंतीवरचे घड्याळ एक वेळ सांगेल. एखाद्या काकांच्या मनगटावरचे दोन मिनिटे पुढे असेल, कारण गाडी चुकू नये म्हणून त्यांनी ते मुद्दाम पुढे ठेवलेले असते. तरुण मंडळींच्या खिशातला मोबाइल तिसरेच काही सांगेल, आणि वाद निघालाच तर निकाल मोबाइलच्या बाजूने लागेल. परंतु मोबाइलला वेळ कोणी सांगितली? मोबाइल कंपनीच्या यंत्राने. त्या यंत्राला? उपग्रहाने किंवा एखाद्या प्रयोगशाळेने. आणि त्या प्रयोगशाळेला? असे विचारीत मागे मागे गेलो म्हणजे शेवटी असे एखादे घड्याळ सापडेल काय, की जे दुसऱ्या कोणालाही न विचारता खरे आहे? आजच्या व्याख्यानात ह्याच प्रश्नाचा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

लांबी मोजणे त्या मानाने सोपे. कापडवाल्याचा गज खोटा आहे असा संशय आला, तर तेच कापड घरी आणून आपल्या गजाने पुन्हा मोजता येते. वजनाचेही तसेच. काळाचे तसे नाही. कालचा तास परत आणून आजच्या तासाशेजारी ठेवता येत नाही; गेलेली घटका गेली. म्हणून दोन तास सारखे होते असे आपण म्हणतो, तेव्हा कोणत्या तरी वस्तूच्या नेमावर आपण विश्वास टाकलेला असतो. पाणी नेमाने गळते, लंबक नेमाने झुलतो, पृथ्वी नेमाने फिरते, असे आपण धरून चालतो. तो नेम खरा की खोटा हे ठरवावयास दुसरी नेमाने हलणारी वस्तू लागते, आणि तिची परीक्षा घ्यावयास तिसरी. घड्याळाला साक्षीदार लागतो, तो दुसऱ्या घड्याळाचाच. कालमापनाची सारी विद्या आणि सारी कारागिरी ह्या एका अडचणीतून निघाली आहे.

आपल्याकडे हा साक्षीदार शतकानुशतके पाण्याचा होता. तळाला बारीक भोक असलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र पाण्यावर तरंगत सोडावयाचे; भोकातून पाणी शिरता शिरता पात्र भरून बुडाले, की एक घटिका झाली. अशा ६० घटिकांचे एक अहोरात्र. म्हणजे घटिका २४ मिनिटांची, तिचा साठावा भाग पळ २४ सेकंदांचा, आणि पळाचा साठावा भाग विपळ ०.४ सेकंदाचा. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार ह्या पात्राचा. ‘घड्याळ’ हा शब्दही त्याच घटीच्या कुळातला. आणि ज्या धातूच्या थाळीवर टोले मारून वेळ जाहीर करीत, त्या थाळीलाच ‘तास’ म्हणत.

भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मुहूर्ताचे घटिकापात्र पाहावयास ती वाकली, तिच्या अंगावरचा एक मोती पात्रात पडून भोकात अडकला, पाणी शिरेना, पात्र बुडेना, आणि मुहूर्त टळून गेला. कथा खरी असो वा नसो, तिच्यात यंत्रविद्येचा एक पक्का धडा आहे. बंद पडलेले पात्र शांतपणे तरंगतच होते. त्याच्याकडे कितीही टक लावून पाहिले असते तरी ते बिघडले आहे हे कळले नसते. शेजारी दुसरे पात्र ठेवलेले असते, तर मात्र पहिले बुडत का नाही असा प्रश्न कोणी तरी विचारला असता.

घटिकापात्राची परीक्षा घेत ती सूर्यावरून. पण सूर्य तरी नेमाने चालतो काय? उत्तम चालीचे घड्याळ आणि उन्हातली सावली वर्षभर ताडून पाहिली, तर नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास १४ मिनिटे मागे. पृथ्वीचा मार्ग लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, ही त्याची दोन कारणे. म्हणून ज्योतिषशास्त्राने वर्षभर एकसारखा चालणारा एक ‘मध्यम सूर्य’ कल्पिला. ‘मध्यम’ आणि ‘स्पष्ट’ हा भेद आपल्या पंचांगकर्त्यांनाही जुनाच ठाऊक आहे. आकाशात कोणालाही न दिसणाऱ्या ह्या मध्यम सूर्यावर पुढे जगातली सारी घड्याळे लावली गेली.

यांत्रिक घड्याळाला खरा नेम लाभला तो लंबकामुळे. लंबकाचा झोका थोडा लहान-मोठा झाला तरी त्याला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो, हे गॅलिलिओने सतराव्या शतकाच्या आरंभी ओळखले. त्याचे घड्याळ केले ते हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने, १६५६ साली. तोवरची घड्याळे दिवसाला पाव तास इकडे-तिकडे होत. लंबकाने ती चूक सुमारे १५ सेकंदांवर आणली. जवळजवळ एक मीटर लांबीचा लंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जावयास बरोबर एक सेकंद घेतो, आणि ह्या लांबीखेरीज दुसरी ओळख त्याला लागत नाही, अशी विद्वानांची समजूत होती.

मग १६७२ साली एक चमत्कार घडला. झां रिशे नावाचा फ्रेंच निरीक्षक पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे, विषुववृत्ताजवळ, रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक जवळजवळ तीन मिलिमीटर आखूड केला तेव्हा कुठे ते सेकंदाला मिळाले. घड्याळ प्रवासात बिघडले असे म्हणून गप्प बसणे सोपे होते. रिशेने ताऱ्यांवरून ते वारंवार ताडून पाहिले आणि ती चूक जशीच्या तशी टिपून ठेवली. पुढे न्यूटनने ह्या टिपणाचा अर्थ लावला. विषुववृत्ताजवळ वजन कमी भरते, कारण पृथ्वी फिरते आणि तिचे पोट फुगलेले आहे. पृथ्वी तंतोतंत गोल नाही, ह्याचा पुरावा एका मागे पडणाऱ्या घड्याळाने दिला!

श्रोतेहो, हा प्रसंग ध्यानात ठेवावा. कारण ह्यापुढे तो निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा येणार आहे. घड्याळ चुकले, ती चूक प्रामाणिकपणे नोंदली, आणि त्या चुकीतून जगाविषयी काही तरी नवे कळले, असा ह्या विद्येचा क्रमच आहे.

लंबकाचा दुसरा शत्रू उन्हाळा. लोखंडी दांडा उष्णतेने वाढतो. एका अंशाने उष्णता वाढली की असे घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडते. दहा अंशांनी पाच सेकंद. ह्यावर तोड काढली जॉन हॅरिसन ह्या इंग्रज सुताराच्या मुलाने. पितळ पोलादापेक्षा अधिक वाढते. तेव्हा पोलादाचे आणि पितळेचे दांडे आळीपाळीने असे जोडावयाचे, की पोलाद जितके खाली वाढेल तितके पितळ वर उचलून धरील, आणि लंबकाचे लोलक जागच्या जागी राहील. एका दोषाच्या विरुद्ध दुसरा दोष उभा करून गुण निर्माण करण्याची ही युक्ती घड्याळाच्या धंद्याचे खरे मर्म आहे.

ह्याच हॅरिसनच्या हातून पुढे एक मोठे काम व्हावयाचे होते. समुद्रात आपले जहाज उत्तर-दक्षिण कोठे आहे हे ताऱ्यांवरून कळते. पूर्व-पश्चिम कोठे आहे, म्हणजे रेखांश कोणता, हे कळत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. तेव्हा जहाजावर दुपारचे बारा वाजले असता ग्रीनिचला किती वाजले आहेत हे कळले, तर रेखांश निघाला. ४ मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश, आणि विषुववृत्तावर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. घड्याळ एक मिनिट चुकले तर जहाज नकाशावर २८ किलोमीटर भलतीकडे जाते. लंबक तर हेलकावणाऱ्या जहाजावर चालेना. १७०७ साली ॲडमिरल शॉव्हेलच्या ताफ्यातील चार जहाजे आपण कोठे आहोत ह्याचा अंदाज चुकल्याने सिली बेटांच्या खडकांवर फुटली, आणि हजारावर खलाशी बुडाले. तेव्हा १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने अर्ध्या अंशापर्यंत रेखांश सांगणाऱ्यास २०,००० पौंडांचे बक्षीस लावले. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे. सहा आठवड्यांच्या सफरीत दोन मिनिटे म्हणजे दिवसाला तीनच सेकंदांची सवलत!

हॅरिसनने आयुष्याची चाळीसएक वर्षे ह्या कामात घातली. पहिली तीन यंत्रे पेटाऱ्याएवढी. १७५९ साली पुरे झालेले चौथे मात्र हाताच्या पंजात मावेल असे, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे. १७६१च्या नोव्हेंबरात त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनी हिशेब केला तेव्हा घड्याळाची रोजची ठरलेली चाल वजा जाता चूक निघाली ती सुमारे ५ सेकंदांची.

‘ठरलेली चाल वजा जाता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रोज नेमके तीन सेकंद मागे पडणारे घड्याळ जहाजाला उत्तम उपयोगी पडते, कारण तेवढे मिळवले की झाले. आज दोन सेकंद पुढे, उद्या दोन सेकंद मागे असे घड्याळ मात्र महिन्याअखेर बरोबर दिसले तरी निरुपयोगी. माणसांप्रमाणे घड्याळांतही नेमाने चुकणारा भरवशाचा असतो. त्याची चूक आपण हिशेबात धरू शकतो.

बक्षीस मात्र हॅरिसनला सहजासहजी मिळाले नाही. रेखांश-मंडळावरील ज्योतिर्विद चंद्राच्या गतीवरून रेखांश काढण्याच्या पक्षाचे होते. एका सुताराचे घड्याळ एकदा बरोबर आले, तो योगायोग कशावरून नसेल, असे त्यांनी विचारले. ह्यात हेवा होता. परंतु प्रश्न अगदीच खोटा नव्हता. एका घड्याळाची साक्ष पुरत नाही, हे आपण पाहिलेच आहे. हॅरिसनच्या घड्याळाची दुसऱ्या कारागिराने, लार्कम केन्डॉलने, केलेली प्रतिकृती कॅप्टन कुकने १७७२ ते १७७५च्या सफरीवर नेली आणि ती उत्तम चालली, तेव्हा ह्या शंकेला उत्तर मिळाले. अखेर राजा तिसरा जॉर्ज मध्ये पडला, आणि १७७३ साली, ऐंशीव्या वर्षी, हॅरिसनच्या हाती उरलेल्या रकमेपैकी ८,७५० पौंड पडले. तीन वर्षांनी तो वारला.

ह्या कारागिरीचे वारस आपल्या पेठांतून बसलेले घड्याळजी. चावीच्या साध्या मनगटी घड्याळातले चक्र सेकंदाला पाच ठोके देते. दिवसाचे झाले ४,३२,०००. घड्याळ दिवसाला १० सेकंद चुकले म्हणजे ह्या सव्वाचार लाखांवर ठोक्यांत केवळ ५० ठोक्यांचा फरक. डोळ्याला भिंग लावून, केसाएवढ्या बारीक स्प्रिंगची लांबी किंचित कमी-अधिक करून, घड्याळ कधी पालथे, कधी उभे ठेवून तो ही चाल लावीत असे. आज ही विद्या जाणणारे हात थोडे उरले आहेत. अशा एखाद्या घड्याळजीच्या दुकानासमोर क्षणभर थांबण्यासही हरकत नाही.

घड्याळे सुधारली तशी एक नवीच पंचाईत उभी राहिली. प्रत्येक गावाची मध्यान्ह वेगळी, म्हणून प्रत्येक गावाची वेळ वेगळी. बैलगाडीच्या काळात त्याचे कोणाला काही वाटले नाही. आगगाडीला ते परवडेना. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे, आणि रेल्वे चाले मद्रासच्या वेळेवर. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कामकाजासाठीही मद्रासची वेळ लागू केली. ज्यांच्या नावाने पुढे पुण्याचे कॉलेज निघाले, तेच हे फर्ग्युसन. लोकांनी इतका विरोध केला, की १८८३ साली तो हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईचे घड्याळ एकदम ३९ मिनिटे पुढे गेले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम थांबविले. त्यांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता : भोंगा त्याच आकड्यावर होणार, पण सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी, अंधारात उठून निघावे लागणार. मुंबई महापालिकेने आपली घड्याळे मुंबईच्याच वेळेवर ठेवली, आणि एकाच शहरात दोन वेळा चालण्याचा हा प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला.

शास्त्रीय दृष्ट्या ह्या दोहोंपैकी कोणतीही वेळ खोटी नव्हती. प्रश्न होता तो आपण कोणाशी जुळवून घ्यावयाचे ह्याचा : डोक्यावरच्या सूर्याशी, की दूरच्या माणसांशी. हा प्रश्न आपण जरा बाजूस ठेवू. शेवटी त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

इतके दिवस सर्व घड्याळांचा अंतिम साक्षीदार म्हणजे पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे. सेकंदाची व्याख्याच मध्यम दिवसाचा ८६,४०० वा भाग अशी होती. पृथ्वीची परीक्षा कोण घेणार? ती घेतली स्फटिकाने. क्वार्ट्झच्या स्फटिकाला दाबले की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखविले. आणि उलट, वीज दिली की तो ठराविक वेगाने थरथरतो. १९२७ साली अमेरिकेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी ह्या थरथरीवर चालणारे घड्याळ केले. आज आपल्या मनगटावरच्या स्वस्त घड्याळातही असाच चिमुकला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावत असतो. हा आकडा म्हणजे एकाची १५ वेळा दुप्पट. म्हणून १५ वेळा निम्मे करीत आले, की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो.

१९३० नंतरच्या दशकात ही स्फटिक-घड्याळे पृथ्वीशी ताडून पाहता असे दिसले, की वर्षाच्या काही महिन्यांत सर्वच घड्याळे सारखी ‘चुकतात’. निरनिराळ्या शहरांतली, निरनिराळ्या कारागिरांची घड्याळे एकाच वेळी एकाच रीतीने कशी बिघडतील? तेव्हा बिघडलेली होती ती पृथ्वी! वाऱ्यांच्या बदलत्या प्रवाहांमुळे ती वर्षातून काही काळ किंचित मंद, काही काळ किंचित जलद फिरते; फरक दिवसाला हजारांश सेकंदाच्या आतबाहेर. शिवाय भरती-ओहोटीच्या ओढीमुळे ती युगानुयुगे मंदावत आहे. शंभर वर्षांनी दिवस दोन हजारांश सेकंदांहूनही कमीच लांबतो. पण हा थेंब थेंब साचत जातो. इसवी सनापूर्वी १३६ साली बाबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद मातीच्या विटांवर कोरलेली आहे. पृथ्वी तेव्हापासून एकाच वेगाने फिरली असे धरून गणित केले, तर ते ग्रहण बाबिलोनला खग्रास दिसावयास नको, फार पश्चिमेस दिसावयास हवे. पृथ्वी-घड्याळाची दोन हजारांहून अधिक वर्षांची ही चूक सुमारे सव्वातीन तासांची भरते.

पृथ्वी पदच्युत झाली. मग तिच्या जागी कोणास बसवावे? अणूस. १९५५ साली इंग्लंडमध्ये टेडिंग्टन येथे लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सिझियम ह्या धातूच्या अणूंवर चालणारे घड्याळ केले. त्याची युक्ती रेडिओवर स्टेशन लावण्यासारखी आहे. सिझियमचे अणू एका विशिष्ट कंपनसंख्येच्या लहरीलाच प्रतिसाद देतात; काटा जरा इकडे-तिकडे झाला की प्रतिसाद मंदावतो. स्फटिकाच्या साहाय्याने लहरी उत्पन्न करावयाच्या, किती अणूंनी प्रतिसाद दिला ते मोजावयाचे, आणि तो संख्येने सर्वांत अधिक राहील अशा बेताने स्फटिकाला सतत वळण लावीत राहावयाचे. अणूला ना उन्हाळा बाधतो, ना तो झिजतो. आणि दिल्लीचा सिझियम-अणू पॅरिसच्या अणूसारखाच असतो. १९६७ साली सेकंदाची व्याख्या बदलली. सिझियमच्या त्या लहरीची ९,१९,२६,३१,७७० कंपने म्हणजे एक सेकंद, असे ठरले.

मग अखेरीस सापडले म्हणावयाचे का एक खरे घड्याळ? येथेच मोठी मौज आहे. जगाची वेळ कोणत्याही एका अणुघड्याळावरून ठरत नाही. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह जगातल्या ऐंशीच्या आसपास प्रयोगशाळांतील चारशेहून अधिक घड्याळांची टिपणे पॅरिसजवळच्या सेव्र येथील आंतरराष्ट्रीय मापन संस्थेकडे जातात. तेथे त्यांची सरासरी काढतात. नेमाने चालणाऱ्या घड्याळाला अधिक वजन, लहरी घड्याळाला कमी. आणि महिन्यातून एकदा पत्रक निघते, की गेल्या महिन्यात तुमचे घड्याळ जगाच्या वेळेपेक्षा इतके अब्जांश सेकंद पुढे होते. जगातली सर्वांत खरी वेळ अशा रीतीने मागाहून, कागदावर कळते. तिला ना काटे, ना तबकडी. पंचांच्या निवाड्याने ठरणारी अशी ती वेळ आहे, आणि भारतीय प्रमाणवेळ तीच साडेपाच तासांनी पुढे केलेली.

एवढ्या सूक्ष्मतेचा आम्हां-तुम्हांला काय उपयोग, असे कोणी विचारील. प्रकाश एका अब्जांश सेकंदात ३० सेंटिमीटर जातो. मोबाइलवर रस्ता दाखविणारी व्यवस्था उपग्रहांवरच्या अणुघड्याळांचे संदेश किती उशिरा पोचले, एवढेच मोजते. आईन्स्टाईनने सांगितले होते, की गुरुत्वाकर्षण जेथे क्षीण तेथे घड्याळ जलद चालते, आणि वेगाने जाणारे घड्याळ मंद. ह्या दोहोंची वजाबाकी होऊन जीपीएसची घड्याळे रोज ३८ दशलक्षांश सेकंद पुढे जातात. हे हिशेबात न धरले, तर दिवसाकाठी दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल. सिंहगडाच्या माथ्यावर ठेवलेले अणुघड्याळ पाऊण किलोमीटर खालच्या पायथ्याच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ७ अब्जांश सेकंद पुढे जाईल. आणि प्रयोगशाळांतून तर एका हाताच्याही आतला उंचीचा फरक घड्याळांनी टिपला आहे. रिशेच्या लंबकाने जे सांगितले, त्याचीच ही सूक्ष्मतर आवृत्ती.

घड्याळ परक्याच्या हातचे असले म्हणजे काय होते, हेही आपल्या देशाने पाहिले. आपल्या नाविक ह्या उपग्रहमालेतील पहिल्या उपग्रहाची परदेशातून आणलेली तिन्ही अणुघड्याळे २०१६ साली बंद पडली. उपग्रह आकाशात शाबूत, पण वेळ सांगता येईना, म्हणून रस्ता दाखविण्याच्या कामातून तो बाद. त्यानंतर २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात प्रथमच भारतात बनविलेले रुबिडियमचे अणुघड्याळ बसविले गेले. तीन शतकांपूर्वी खलाशांना जे कळून चुकले होते, तेच आपणांस नव्याने कळले. ज्याला आपली जागा जाणावयाची आहे, त्याला वेळ राखता आली पाहिजे.

आता बाजूस ठेवलेला प्रश्न. अणू नेमाने चालतो आणि पृथ्वी रेंगाळते. दोघांची फारकत वाढत जाणार. चांद्रवर्ष आणि सौरवर्ष यांचा मेळ घालण्यासाठी आपण अधिक मास धरतो. त्याच धर्तीवर १९७२ पासून शास्त्रज्ञांनी अधिक सेकंद धरण्यास आरंभ केला. आजवर असे २७ सेकंद मिळविले गेले. शेवटचा २०१६च्या अखेरीस. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ची पहाट होती, आणि ५ वाजून २९ मिनिटांचे ते मिनिट ६१ सेकंदांचे झाले. माणसांना पत्ताही लागला नाही. पण संगणकांना असला आगंतुक सेकंद पचत नाही, आणि २०१२ साली त्यामुळे अनेक यंत्रणा अडखळल्या होत्या. म्हणून २०२२च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरविले, की २०३५ पर्यंत ही प्रथा मोडून अणू आणि पृथ्वी यांच्यात अधिक मोठे अंतर पडू द्यावे. शतकात साधारण मिनिटभर असे ते अंतर पडेल असा अंदाज आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना पडलेलाच हा प्रश्न, अधिक बारीक अक्षरांत लिहिलेला. सूर्याशी जुळवून घ्यावयाचे, की एकमेकांशी? मिनिटभराने कोणाची झोपमोड होणार नाही, हे खरे. तरीही दुपारचे बारा आणि डोक्यावरचा सूर्य यांची गाठ सोडावयाची की नाही, हे ठरविणे शास्त्रज्ञांइतकेच आपल्या सर्वांचे काम आहे, असे आम्हांला वाटते. घड्याळ नेमके किती वाजले हे सांगू शकते. त्याने कोणाची चाकरी करावी, हे ते स्वतः ठरवू शकत नाही.

नव्या साक्षीदारांचा शोध तर चालूच आहे. प्रकाशाच्या कंपनांवर चालणारी स्ट्राँशियमची घड्याळे आता विश्वाच्या वयाइतक्या काळातही एक सेकंद चुकणार नाहीत अशी झाली आहेत, आणि सेकंदाची व्याख्या पुन्हा बदलण्याची तयारी सुरू आहे. आकाशातही घड्याळे सापडली आहेत. सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा तारा १९८२ साली ज्यांनी शोधला, त्यांत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. आणि आपल्या जुन्नर तालुक्यातील खोडदच्या दुर्बिणींनी अशाच ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षे टिपले आहेत. ते ठोके अतिसूक्ष्म प्रमाणात चुकतात, आणि त्या चुकांत गुरुत्वलहरींच्या खुणा असल्याचे जगातील अनेक गटांबरोबर ह्या गटानेही २०२३ साली जाहीर केले. पुन्हा तेच : चुकलेला ठोका आणि तो निष्ठेने टिपणारा माणूस.

खरे घड्याळ कोणते, ह्या प्रश्नाचे उत्तर आता आपण देऊ शकतो. एकट्याने खरे असे कोणतेच नाही. जे दुसऱ्यांशी ताडून पाहू देते आणि ज्याची चूक लपविली जात नाही, तेच विश्वासास पात्र. सार्वजनिक जीवनातही हा नियम लावून पाहण्यास हरकत नाही. परंतु तो दुसऱ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि समोरच्या भिंतीवरचे घड्याळ, ते खरे असो वा खोटे, आमची वेळ संपल्याचे सांगत आहे.